दोन ऑक्टोबरपर्यंत

सुमित्राबाईंना खायला फार आवडायचं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्यावर आजवर जितकी भाषणं झाली त्यातल्या एकातही हे आलेलं नाही. भाषणांत त्या त्यागमूर्ती असतात. मला मात्र त्या पाटावर मांडी घालून बसलेल्या दिसतात, पुढ्यात ज्वारीची गरम भाकर, वर मिरचीचा ठेचा आणि जवसाचं तेल. नाक पुसत पुसत म्हणायच्या, "मने, अजून एक टाक वं. पोट भरलं, पण जीव नाई भरला."

मी मनकर्णा, त्यांची चुलत जाऊ. लग्नाला दीड वर्ष झालं आणि माझा नवरा पटकीनं गेला. माहेरी सावत्र आई होती, म्हणून त्याचे मोठे चुलतभाऊ, सुमित्राबाईंचे यजमान प्रभाकरराव, मला सेलूला आपल्या घरी घेऊन आले. ते साल पंचेचाळीस. मी एकोणीस वर्षांची होते, चौथी शिकलेली. उपकार त्यांचे होतेच, ते मी नाकारत नाही. पण उपकाराच्या घरात राहणाऱ्या बाईची जीभ किती आखूड होते, ते तिथं राहिल्याशिवाय कळत नाही.

प्रभाकररावांची कापसाची अडत होती. बेचाळीसला चौदा महिने तुरुंगात राहून आलेले, त्यामुळे गावात मान होता. बावन्नच्या निवडणुकीत त्यांचं तिकीट हुकलं आणि त्या दिवसापासून घरात हसणं कमी झालं. ते वाईट होते असं मी म्हणणार नाही. पण माणसाला एकदा लोकांनी खांद्यावर घेतलं, की त्याला जमिनीवरचं नीट दिसत नाही.

त्या घरात दोन रीती होत्या. पहिली बाईंची. नवरा जेवल्याशिवाय घास घ्यायचा नाही आणि जेवायचं ते त्याच्याच ताटात. अकराव्या वर्षी सासूनं घालून दिलेली रीत. प्रभाकरराव दौऱ्यावर असले की बाई दुपारपर्यंत थांबायच्या, मग उन्हाकडे बघून म्हणायच्या, "आता जेवले असतीन," आणि ताट वाढून घ्यायच्या. ते तुरुंगात होते तेव्हा सुटून आलेल्या एकाला त्यांनी विचारून ठेवलं होतं, तिथं जेवण किती वाजता देतात. अकराला देतात म्हणाला. चौदा महिने बाई अकरा वाजून गेले की जेवल्या. हे त्यांनी मला नंतर सांगितलं तेव्हा मी हसले. "तुले काय समजते," म्हणायच्या, "त्यात माह्या पोटाचं नुकसान काय आहे?"

दुसरी रीत माझी. प्रभाकरराव माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यासमोर उभं राहायचं नाही, तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही. अकरा वर्षं मी त्यांच्या घरचं जेवले आणि एक शब्द त्यांच्याशी बोलले नव्हते. काही सांगायचं असलं तर बाईंना सांगायचं, त्या त्यांना सांगत. हे दोन्ही मी नीट सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते या दोन रीतींच्या मध्ये सापडून झालं.

छप्पन साली नागपूरचं राज्य मोडायचं ठरलं. एक नोव्हेंबरला सगळ्या फायली मुंबईला जाणार होत्या. गावाबाहेरच्या नाल्यावर पूल नव्हता, नुसता रपटा होता, पूर आला की पाण्याखाली जाणारा. दोन वर्षांपूर्वी बाजारातून परतणारी गाडी पुरात गेली, त्यात चार बाया होत्या. पुलाची फाईल नागपुरात पडून होती. ती एकदा मुंबईला गेली की संपलंच, असं प्रभाकरराव म्हणत, आणि ते खरंच होतं. सत्तावन्नला निवडणूक होती, तेही खरं होतं. त्यांनी जाहीर केलं की मंजुरी येईपर्यंत अन्न घेणार नाही.

एकवीस सप्टेंबरला ते घरासमोरच्या मांडवात बसले. पितृपक्षाचा दुसरा दिवस. म्हाताऱ्या कुजबुजल्या, पितरांच्या पंधरवड्यात असं कोणी सुरू करतं का? छपरावर कावळे बसलेले असायचे, श्राद्धाच्या पानांची वाट बघत. बाई नुकत्याच हिवतापातून उठल्या होत्या, डोळे अजून पिवळे होते. त्यांनी मला विचारलं, "किती दिवस चालते वं हे?" मी म्हटलं, दोन-तीन दिवसांत सरकार ऐकेल. त्या म्हणाल्या, "मंग ठीक आहे."

गंमत बघा, घरात एक माणूस उपाशी बसला आणि चूल मात्र कधी नव्हती इतकी पेटली. भेटायला येणारे, सत्याग्रही, वर्ध्याहून येणारे पुढारी, सगळ्यांना जेवू घालायचं. रोज साठ-सत्तर पानं. बाई भाकरी थापत, मी भाजत होते. मांडवात डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येऊन नाडी बघत, वजन घेत, लिंबू-मीठ-सोड्याचं पाणी देत, आणि फळ्यावर खडूनं आकडे लिहीत. लोक आकडे वाचून हळहळत. स्वयंपाकघरात फळा नव्हता.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. सगळी जेवून गेली, मी बाईंचं पान वाढलं, तर त्या म्हणाल्या, "ते जेवले काय?"

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. दोन दिवस मला वाटत होतं त्या माझ्यामागे केव्हातरी जेवत असतील. मी म्हटलं, "बाई, ते उपासाला बसलेत. ते जेवणारच नाहीत."

"मंग मी काऊन जेवू?"

"तुमचा काय संबंध पुलाशी?"

"पुलाशी नाई वं. त्याईच्याशी आहे." आणि मग माझा हात धरून म्हणाल्या, "कोणाले सांगू नको. बाहेर समजलं तर त्याईले काळजी लागन, उपास मोडन. माह्या गळ्याची आण आहे तुले."

आमच्याकडे गळ्याची आण मोडली तर जिची आण ती मरते, असं मानतात. आता मी शिकलेली आहे, असलं काही मानत नाही. तेव्हा मानत होते. खरं सांगायचं तर आताही कुणी माझ्यासमोर आण घातली की मी तिथून उठून जाते.

मी काय करायचं ते करून पाहिलं. पाण्यात गूळ घातला, तर त्यांनी एक घोट घेऊन थुंकलं. ओरडले, रडले, मीही जेवणार नाही म्हणून बसले. त्यावर त्या एवढ्या चिडल्या की स्वतः उठून माझ्या तोंडात घास कोंबला. चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता त्यांचे हात थांबायला लागले. पाचव्या दिवशी उठताना भिंत धरावी लागली. मी विचार करकरून थकले. सांगितलं तर आण मोडते, नाही सांगितलं तर त्या उपाशी जातात. आणि सांगायचं तरी कुणाला? ज्या एका माणसाचा शब्द त्या ऐकल्या असत्या, त्याच्याशी मी बोलू शकत नव्हते.

मग मी मूर्खपणा केला. नत्थूजी नावाचा गृहस्थ प्रभाकररावांचं लिहिण्या-वाचण्याचं काम बघायचा. तो मागच्या दारी पाणी प्यायला आला तेव्हा मी पदर पुढे ओढून त्याला म्हटलं, "भासऱ्यांना एवढं सांगा, बाईंनी पाच दिवस अन्न घेतलं नाही. त्यांनी एक शब्द टाकावा, जेव म्हणावं. बाकी काही नको."

नत्थूजीचे डोळे मोठे झाले. "पाच दिवस? खरंच?"

"खरंच."

"सांगतो ना वैनी, आत्ताच सांगतो," म्हणाला आणि जवळजवळ पळतच गेला. मला वाटलं, किती चांगला माणूस आहे.

त्या दिवशी काही निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सातव्या दिवशी नागपूरचं वर्तमानपत्र आलं. बाईंना वाचता येत नव्हतं, रोज मीच त्यांना उपोषणाची बातमी वाचून दाखवायची. मी पहिली ओळ मोठ्यानं वाचली आणि थांबले. पतीसोबत पत्नीचाही अन्नत्याग. सेलूच्या सुमित्राबाईंचा मूक निर्धार. खाली लिहिलं होतं की पुलासाठी या माउलीनंही प्राण पणाला लावले आहेत.

"पुढं वाच ना," बाई म्हणाल्या.

मी वाचलं. खोटं वाचायचं सुचलं नाही.  बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "मने, मोडली तू माही आण." मग, "आता कसं जेवू वं मी?"

ते खरं होतं. दुपारपासून बाया येऊ लागल्या. आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्या भरून आल्या. आजवर सेलूबाहेर कुणाला नाव माहीत नसलेली ही बाई एका दिवसात जिल्ह्यात गाजली. बाया स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर डोकं टेकत, त्यांच्या पायांवर हळद-कुंकू वाहत, लेकरं त्यांच्या मांडीवर ठेवत. जिवंत माणसाची अशी पूजा मी पहिल्यांदा पाहिली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना भाकरी थापायला आता कुणी बसू देईना. भिंतीला टेकून बसवून ठेवलं होतं. आजूबाजूला सतत पंधरा-वीस बाया, डोळे त्यांच्या तोंडाकडे. त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला तरी गलका थांबायचा. पाणीच आहे ना, असं बघत.

डॉक्टरला मी पदराआडून म्हटलं, बाईंची नाडी बघा. तो आत आला, नाडी धरली, आणि बराच वेळ सोडली नाही. बाहेर जाऊन त्यानं प्रभाकररावांच्या कानात काहीतरी सांगितलं. फळ्यावर मात्र काही लिहिलं नाही.

शनिवारी, म्हणजे नवव्या दिवशी, तारवाला मागच्या दारानं आला. पुढे गर्दी होती म्हणून. हसत हसत म्हणाला, "वैनी, पेढे द्या. नागपूरची तार आहे, पूल मंजूर झाला." मी तार नत्थूजीकडे पाठवली आणि चुलीवर तांदळाची पेज चढवली.  बाईंच्या कानाशी जाऊन सांगितलं, झालं, आज सुटतो उपास. त्या हसल्या. किती दिवसांनी हसल्या. "पेज नको," म्हणाल्या, "पिठलं कर."

संध्याकाळ झाली. मांडवात भजन झालं. कुणी काही जाहीर केलं नाही. मी नत्थूजीला गाठलं, तर तो म्हणाला, "कोणती तार?"

रविवारी दुपारी मांडवातली माणसं जेवायला आत गेली तेव्हा मी पदर कमरेला खोचला आणि सरळ मांडवात गेले. प्रभाकरराव लोडाला टेकून पडले होते. दाढी वाढलेली, गाल बसलेले. त्यांचेही हाल झाले होते, ते मी मान्य करते. मला समोर बघून ते दचकून उठून बसले. त्यांना हाक काय मारायची हेच मला ठाऊक नव्हतं, कारण कधी मारलीच नव्हती. तशीच बोलले.

"बाई मरून राहिल्या आहेत."

त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं. "हळू बोल."

"तार आली. मला ठाऊक आहे. उपास सोडा, नाहीतर त्यांना जेव म्हणा. आत चला, एक शब्द बोला, त्या जेवतील."

 ते माझ्याकडे न बघता बोलले. "बाहेर पाचशे बाया बसल्या आहेत. तिनं आज घास घेतला तर उद्या पेपरात काय येईन, समजते तुले? आणि परवा दोन ऑक्टोबर आहे. गांधीजयंतीले वर्ध्याहून, नागपुराहून लोक येऊन राहिले. फोटोवाला येते. त्या दिवशी सोडू. दोनच दिवस आहेत, मनकर्णा. दहा निघाले, दोन नाई निघणार?"

"तुम्ही लिंबूपाणी पिता. त्या नुसतं पाणी पितात."

हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी त्यांचा चेहरा पाहिला, ठाऊक नव्हतं. क्षणभर ते हात टेकून उठायला लागले. मला वाटलं, जिंकले मी. तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी नत्थूजी आला, मागे दोन पाहुणे. प्रभाकरराव परत लोडाला टेकले. म्हणाले, "तिले लिंबूपाणी दे म्हणा. मी सांगतलं म्हणा."

मी धावत गेले. बाईंनी ऐकलं. "त्याईनं सांगतलं?" विचारलं. हो म्हटलं. पण भोवतीच्या बायांनी पेला मध्येच धरला. एक म्हातारी वास घेऊन म्हणाली, यात काहीतरी आहे, माउलीचा नेम मोडू नका. मी तिच्या अंगावर गेले. मला चौघींनी धरून बाहेर नेलं. बाईंच्या अंगात तेव्हा भांडायचं बळ उरलं नव्हतं.

दोन ऑक्टोबरला सकाळी दहा वाजता सभा झाली. तार वाचून दाखवली, काल रात्रीच आली असं सांगून. बाईंना दोघींनी धरून मांडवात आणलं. त्यांच्या हातात मोसंबीच्या रसाचा पेला दिला. फोटोवाल्यानं पेला जरा वर धरा म्हटलं, तो त्यांना धरवेना, म्हणून कोपराखाली एकीनं हात लावला. तो हात फोटोत दिसत नाही. प्रभाकरराव रस प्यायले आणि तळाशी दोन घोट ठेवून पेला बाईंना दिला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

लोक मिरवणुकीनं नाल्याकडे गेले. घर एकदम रिकामं झालं. मी बाईंना आत आणून चुलीशी बसवलं. त्या चुलीकडे बघत म्हणाल्या, "भाकर टाक वं मने. ते जेवले, आता मी जेवतो."

मी म्हटलं, आधी पेज घ्या. तोंडाला वाटी लावली, पेज ओठांवरून खाली आली. "भाकर," म्हणाल्या. मी परात घेतली, पीठ भिजवलं, थापली. तव्यावर टाकून पाणी फिरवलं आणि मागे वळले. त्यांचे डोळे तव्याकडेच होते, पण त्या गेल्या होत्या. भाकर करपल्याचा वास आला तेव्हा मला रडायचं आठवलं.

पाचव्या दिवशी शोकसभा होती. आदल्या दिवशी प्रभाकरराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. डोळे सुजलेले होते. त्यांना दुःख झालं नव्हतं असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. ते म्हणाले, "वर्ध्याले मास्तरणीचं ट्रेनिंग असते. तुह्यासाठी पत्र देतो. तुही हुशारी वाया जाऊन राहिली इथं." मग, "उद्या चार शब्द बोल. तू जवळ होती. ती शेवटी पुलाचं बोलली असन ना काही?"

तीस वर्षांची विधवा, हातात चौथीचं शिक्षण, मागे माहेर नाही. मी दुसऱ्या दिवशी उभी राहिले आणि म्हणाले, "बाई शेवटी म्हणाल्या, पूल होऊ द्या." हजार माणसं रडली. मला पत्र मिळालं.

प्रभाकरराव सत्तावन्नला निवडून आले. मी तेव्हा वर्ध्याला वसतिगृहात होते. ऑक्टोबरात पहिली पुण्यतिथी म्हणून सेलूला आले, तर ओट्यावर साठ-सत्तर बाया बसलेल्या. मला वाटलं जेवायला आल्यात. मी आत जाऊन पानं मांडायला लागले, तर सांगितलं गेलं, त्यांना काही नको, आज सुमित्राबाईचा उपास आहे. नवऱ्याच्या यशासाठी धरतात. पहाटेपासून पाणीसुद्धा घ्यायचं नाही, दुसऱ्या दिवशी तो जेवला की मग सोडायचा.

मी बाहेर आले. खांबाला टेकून एक पोटुशी पोर बसली होती, अठरा-एकोणीस वर्षांची, ओठ सुकलेले, शेजारी तिची सासू. मी तिच्यासमोर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "उठा, जेवा! बाई पूल-बील काही म्हणाल्या नाहीत. मी खोटं बोलले. भाकर मागत मेल्या त्या!"

 एक म्हातारी उठली, माझ्या पाठीवरून हात फिरवून बाकीच्यांना म्हणाली, "लय जीव होता बिचारीचा त्याईच्यावर. दुःखानं डोकं फिरलं." सगळ्यांनी माना हलवल्या. त्या पोरीनं माझ्याकडे पाहिलं, मग सासूकडे पाहिलं, आणि पोटावर हात ठेवून खाली मान घातली.